बून कुटुंबाचं स्थलांतर: पेनसिल्व्हेनिया ते मिसुरी

बून हे इंग्लंडच्या डेव्हन परगण्यातून अमेरिकेत आलेलं विणकरांचं क्वेकर (एक ख्रिस्ती पंथ) घराणं. ह्यातला डॅनियल बून (१७३४–१८२०) सगळ्यांना माहितीये, शिकारी, वाटाड्या, केंटकीचा रस्ता पाडणारा वगैरे, पण इथे त्याच्या शौर्यापेक्षा त्याच्या घरादाराने धरलेली वाट जास्त महत्त्वाची आहे. साधारण ९० वर्षांत हे घर पेनसिल्व्हेनियातून दक्षिणेकडे शेनान्डोआ खोऱ्यात, तिथून नॉर्थ कॅरोलायनात यॅडकिन नदीकाठी, मग डोंगर ओलांडून केंटकीत आणि शेवटी मिसिसिपीच्या पलीकडे मिसुरीत गेलं, आणि इतर हजारो कुटुंबंही ह्याच वाटेने गेली. म्हणून आपले पूर्वज शोधणाऱ्या अमेरिकन माणसाला बून घराण्याचा प्रवास नीट कळला तर स्वतःच्या घराण्याचा निम्मा रस्ता कळतो. आणि ह्या प्रवासातून एक गोष्ट फार स्पष्ट दिसते, ती म्हणजे त्या काळातल्या कुटुंबाचा माग नुसत्या आडनावावरून लागत नाही, तो जमिनीच्या कागदांवरून आणि सोयरिकीवरून लागतो.

पेनसिल्व्हेनिया आणि क्वेकर सभेची वही

जॉर्ज बून हा ब्रॅडनिंच गावचा विणकर. त्याने १७१३ च्या सुमारास आधी तीन मोठी मुलं पुढे पाठवली, जागा बघून या म्हणून, आणि १७१७ मध्ये उरलेलं कुटुंब घेऊन स्वतः फिलाडेल्फियाला उतरला. पुढे पाठवलेल्या मुलांपैकी एक स्क्वायर बून, म्हणजे डॅनियलचा बाप (स्क्वायर हे त्याचं नावच आहे, पदवी नाही, आणि डॅनियलच्या एका भावाचंही हेच नाव असल्यामुळे कागद वाचताना खूप गोंधळ होतो). स्क्वायरने १७२० मध्ये सारा मॉर्गनशी लग्न केलं, त्यांना ११ मुलं झाली, आणि डॅनियल त्यातला सहावा, जन्म आजच्या बर्क्स काउंटीतला (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा भाग).

क्वेकर लोकांची मासिक सभा असायची आणि तिची वही फार काटेकोर ठेवलेली असायची. जन्म, लग्न, मृत्यू, कोण कुठे राहायला गेलं, कोणाची काय चूक झाली, सगळं त्यात. स्क्वायरच्या मुलीने १७४२ मध्ये क्वेकर नसलेल्या माणसाशी लग्न केलं तेव्हा बापाने सभेपुढे माफी मागितली, पण पाच वर्षांनी मुलगा इस्रायलनेही तेच केल्यावर मात्र तो माफी मागायला तयार झाला नाही आणि १७४८ मध्ये त्याला सभेतून काढून टाकलं. दोनच वर्षांत, १७५० मध्ये, त्याने घर हलवलं. फक्त ह्या भांडणामुळे गेला असं म्हणणं मला बरोबर वाटत नाही, कारण जमीन महाग झाली होती, मुलगे मोठे होत होते आणि दक्षिणेला जमीन स्वस्त मिळत होती, पण घर हलायच्या आधी त्या घरात काय चाललं होतं हे इतकं जवळून आपल्याला दिसतं ते केवळ त्या वहीमुळे.

तारखांचं एक लक्षात ठेवावं लागतं. १७५२ पर्यंत ब्रिटिश वसाहतींत जुनं कॅलेंडर होतं आणि वर्ष २५ मार्चला सुरू व्हायचं. डॅनियलचा जन्म जुन्या हिशोबाने २२ ऑक्टोबर १७३४ आणि नव्या हिशोबाने २ नोव्हेंबर १७३४, म्हणजे दोन्ही तारखा बरोबरच, पण नवख्या माणसाला वाटतं की ही दोन वेगळी माणसं आहेत.

ग्रेट वॅगन रोड

फिलाडेल्फियाहून लँकास्टर, यॉर्क, मग पोटोमॅक नदी ओलांडून शेनान्डोआ खोऱ्यात उतरायचं, खोऱ्यातून खाली रोअनोक आणि तिथून यॅडकिन, असा हा बैलगाड्या आणि घोडागाड्यांचा रस्ता. अठराव्या शतकाच्या मध्याला जर्मन, स्कॉच-आयरिश, क्वेकर सगळे ह्याच रस्त्याने दक्षिणेला उतरत होते. बून मंडळी काही काळ व्हर्जिनियात लिनव्हिल क्रीकला थांबली, आजच्या हॅरिसनबर्गजवळ, आणि मग यॅडकिनला आली. असे मधले थांबे नेहमी हातातून निसटतात, कारण तिथे जमीन विकत घेतलेली नसते, त्यामुळे कागद नसतो, आणि वंशावळ लिहिणारा थेट पेनसिल्व्हेनियातून नॉर्थ कॅरोलायनात उडी मारतो.

इथे शेजारी कामाला येतात. त्या काळात कुटुंब एकटं कधीच हलत नव्हतं, भावकी, सोयरे आणि शेजारी बरोबर असायचे, थोडे पुढे थोडे मागे. बर्क्स काउंटीत बून घराण्याच्या शेजारी लिंकन नावाचं घर होतं, डॅनियलची चुलत बहीण ॲन हिचं लग्न १७६० मध्ये त्या घरात झालं, आणि ह्याच लिंकन घराण्याची एक शाखा १७६८ मध्ये लिनव्हिल क्रीकला आली, पुढे केंटकीत गेली, आणि त्या शाखेत राष्ट्राध्यक्ष अब्राहम लिंकन जन्मला. ब्रायन घराण्याचंही तसंच. मॉर्गन ब्रायन पेनसिल्व्हेनियातून शेनान्डोआत आणि बून मंडळींच्या थोडं आधी यॅडकिनला पोचला, त्याची नात रिबेका डॅनियलची बायको झाली (१४ ऑगस्ट १७५६) आणि डॅनियलची बहीण मेरी रिबेकाच्या काकाला दिली. म्हणजे एका घराचा कागद सापडत नसेल तर दुसऱ्या घराचा उघडायचा, तिथे साक्षीदार म्हणून आपला माणूस सही करून बसलेला असतो.

यॅडकिन आणि जमिनीचे कागद

नॉर्थ कॅरोलायनाचा उत्तरेकडचा जवळजवळ निम्मा भाग तेव्हा अर्ल ग्रॅनव्हिल नावाच्या इंग्लिश उमरावाच्या मालकीचा होता. स्क्वायर बूनला १७५३ मध्ये त्याच्याकडून ६४० एकर मिळाले, बरोबर एक चौरस मैल. अशी जमीन मोजायची पद्धत आपल्याकडच्या माणसाला लगेच कळेल, कारण खरेदीखतात जशी चतुःसीमा लिहितात तसंच तिथे लिहिलेलं असतं: पांढऱ्या ओकपासून सुरुवात, पूर्वेला इतके पोल हिकरीच्या झाडापर्यंत, तिथून ओढ्याच्या काठाने अमक्याच्या बांधापर्यंत. एक पोल म्हणजे साडेसोळा फूट. झाड कधीच पडलेलं असतं, ओढ्याचं नाव बदललेलं असतं, पण शेजाऱ्यांचे बांध एकमेकांना जोडत गेलात की अख्खी वस्ती कागदावर उभी राहते आणि कोण कोणाच्या बांधाला बांध लावून राहत होता ते दिसतं. मला ह्या सगळ्या शोधातला हा भाग सगळ्यात सुंदर वाटतो.

अडचण एकच, काउंट्या सारख्या फुटत होत्या. बून आले तेव्हा तो भाग अँसन काउंटीत होता, १७५३ मध्ये त्यातून रोवन निघाली, १८३६ मध्ये रोवनमधून डेव्ही निघाली. स्क्वायर (मृत्यू १७६५) आणि सारा (मृत्यू १७७७) ह्यांच्या कबरी आज डेव्ही काउंटीत मॉक्सव्हिलला आहेत पण त्यांचे जमिनीचे कागद रोवनच्या कचेरीत बघावे लागतात. माणूस जागचा हलला नाही तरी त्याची काउंटी हलते, आणि हे माहीत नसल्यामुळे लोक जे स्थलांतर झालंच नाही ते वंशावळीत लिहून ठेवतात. स्क्वायरच्या कबरीचा दगडही बघण्यासारखा आहे, त्यावर जानेवारी हे नाव कोरणाऱ्याने कानाला ऐकू आलं तसं कोरलंय. आडनावाचंही असंच, कागदोपत्री बून कधी शेवटी ई लावून, कधी न लावता. डॅनियल स्वतः ई लावायचा, म्हणून टेनेसीतल्या झाडावर ‘डी. बूनने अस्वल मारलं’ असं ई शिवाय कोरलेलं जे प्रसिद्ध वाक्य होतं ते खरंच त्याचं असण्याबद्दल शंका आहे.

डोंगरापलीकडे

१७६३ मध्ये दोन गोष्टी एकदम झाल्या. ब्रिटिश राजाने अपलाचियन डोंगरापलीकडे वस्ती करायला बंदी घातली आणि त्याच वर्षी ग्रॅनव्हिल वारल्यामुळे त्याची जमीन कचेरी बंद पडली, म्हणजे इकडे नवीन जमीन मिळेना आणि तिकडे जायला मनाई. तरी लोक गेलेच. डॅनियल १७६९ मध्ये कंबरलँड गॅप ह्या खिंडीतून केंटकीत शिरला, आणि ही वाट त्याने शोधली असं जे म्हणतात ते चूक आहे, चेरोकी आणि शॉनी ह्या तिथल्या मूळ जमातींचे लोक ती पिढ्यान्‌पिढ्या वापरत होते आणि केंटकी ही त्यांची शिकारीची जमीन होती.

१७७३ मध्ये त्याने यॅडकिनची जमीन विकून बायकामुलांसकट निघायचं ठरवलं. १० ऑक्टोबरला मागे राहिलेल्या छोट्या तुकडीवर हल्ला झाला आणि त्यात थोरला मुलगा जेम्स गेला, १६ वर्षांचा होता. बाकीचे मागे फिरले आणि बून कुटुंब क्लिंच नदीच्या खोऱ्यात दीड वर्ष थांबलं. मार्च १७७५ मध्ये रिचर्ड हेंडरसनच्या कंपनीने सिकमोर शोल्सला चेरोकी प्रमुखांशी करार करून अफाट जमीन घेतली, ड्रॅगिंग कनू ह्या तरुण चेरोकी नेत्याने तिथेच विरोध केला होता, आणि डॅनियलने कुऱ्हाडवाली माणसं घेऊन जो रस्ता पाडला तो पुढे वाइल्डरनेस रोड झाला. त्या रस्त्याच्या टोकाला बून्सबरो ही वस्ती. हेंडरसनचा करार नंतर व्हर्जिनियाने रद्द केला.

रिबेकाच्या बाजूने पाहिलं तर हा प्रवास वेगळाच दिसतो. तिला १० मुलं झाली, पहिलं १७५७ मध्ये यॅडकिनला, शेवटचं १७८१ मध्ये केंटकीत, आणि मुलांची जन्मस्थळं ओळीने लावली की कुटुंबाचा नकाशाच तयार होतो. १७५९ च्या चेरोकी युद्धात ती मुलं घेऊन व्हर्जिनियात कल्पेपरला गेली आणि परत आली. फेब्रुवारी १७७८ मध्ये शॉनींनी डॅनियलला पकडलं, त्यांच्या ब्लॅकफिश ह्या प्रमुखाने त्याला मुलगा मानलं, आणि जूनमध्ये तो पळून चार दिवसांत १६० मैल तुडवत बून्सबरोला आला तर घरात रिबेका नव्हती. नवरा मेला असं धरून ती मुलांना घेऊन घोड्यावरून डोंगर ओलांडून माहेरच्या माणसांकडे यॅडकिनला गेली होती, लग्न झालेली मुलगी जेमायमा तेवढी मागे थांबली होती. १७७९ मध्ये सगळे पुन्हा केंटकीत आले आणि १७८२ मध्ये ब्लू लिक्सच्या लढाईत दुसरा मुलगा, इस्रायल (काकाच्याच नावाचा), गेला. लोक ह्या प्रवासाची एक सरळ रेघ काढतात, पण रिबेकाची वाट सरळ नाहीये, ती पुढे जाते, मागे येते, परत पुढे जाते, आणि बहुतेक कुटुंबांची वाट खरी अशीच होती.

केंटकीत जमिनीचा नुसता घोळ झाला. व्हर्जिनियाच्या १७७९ च्या कायद्याने आधी येऊन वस्ती केलेल्याला ४०० एकर आणि जोडून आणखी १००० एकरांवर पहिला हक्क मिळत होता, पण मोजणी ज्याची त्याने करायची, त्यामुळे छपरावरच्या कौलांसारखे एकावर एक दावे बसले. डॅनियल स्वतः सर्व्हेअर होता, हजारो एकर नावावर लावले होते, तरी दावे, कोर्टकचेऱ्या आणि कर्जात सगळं गेलं. पण ह्याच खटल्यांत म्हाताऱ्या वस्तीवाल्यांच्या साक्षी लिहून घेतल्यात, कुठलं झाड, कोणाची खूण, कोणत्या साली कोण बरोबर होतं, आणि शोधणाऱ्याला ह्या साक्षी फार उपयोगी पडतात. व्हर्जिनिया आणि केंटकीची १७९० ची जनगणना शिल्लक नाही, तिच्या जागी टॅक्स लिस्ट वापरतात, आणि पुढेही १८५० च्या आधीच्या जनगणनेत फक्त घरच्या कर्त्याचं नाव असतं, बाकीचे नुसते आकडे.

मिसुरी

१७९९ मध्ये, वयाच्या पासष्टीच्या आसपास, डॅनियल आणि रिबेका मुलांसोबत मिसुरीत फेम ओसेजला गेले. ती तेव्हा स्पेनची हद्द. स्पॅनिश अधिकाऱ्यांनी सुमारे ८५० एकर दिले, पण १८०३ मध्ये हा मुलूख अमेरिकेने विकत घेतला आणि कागद नियमात बसत नाहीत म्हणून दावा १८०९ मध्ये फेटाळला गेला. अमेरिकन काँग्रेसने १८१४ मध्ये जमीन परत दिली, तोवर रिबेका वारली होती (१८१३), आणि त्यातलीही बरीचशी केंटकीची जुनी देणी फेडायला विकावी लागली. डॅनियल १८२० मध्ये धाकटा मुलगा नेथनच्या दगडी घरात वारला. आज जी घरगुती माहिती मिळते तिचा मोठा भाग लायमन ड्रेपर ह्या इतिहास-संग्राहकामुळे मिळतो, त्याने १८५१ मध्ये नेथन आणि त्याची बायको ऑलिव्ह ह्यांना समोर बसवून आठवणी लिहून घेतल्या, ते कागद विस्कॉन्सिनमध्ये मॅडिसनला आहेत. डॅनियलचा नातू अल्फोन्सो १८४६ मध्ये ऑरेगनला पोचला आणि तिथे नदी ओलांडायला त्याने होडीची तर चालवली.

ह्या सगळ्या प्रवासात गुलाम म्हणून आणलेली काळी माणसंही होती. १७७३ च्या हल्ल्यात चार्ल्स मारला गेला आणि ॲडम लपून वाचला, जेम्स कसा गेला हे कळलं ते ॲडमने सांगितलं म्हणून. १७८७ पर्यंत डॅनियलच्या मालकीची सात माणसं होती. मिसुरीत त्याच्याबरोबर शिकारीला जाणारा डेरी कोबर्न हाही गुलामच. ह्या लोकांचे वंशज माग काढायला बसतात तेव्हा त्यांना बून, ब्रायन आणि १७७३ च्या प्रवासात बरोबर असलेले रसेल ह्या मालकांचीच मृत्युपत्रं, टॅक्स लिस्ट आणि खरेदीखतं चाळावी लागतात, कारण त्यांच्या पूर्वजांचं नाव असलंच तर जनावरं आणि भांडीकुंडी ह्यांच्या यादीत असतं, आणि बहुतेक वेळा आडनावाशिवाय.

रिबेका आणि डॅनियल दोघांना मिसुरीत मार्थासव्हिलजवळ टूक क्रीकच्या घरगुती दफनभूमीत पुरलं होतं. १८४५ मध्ये केंटकीच्या लोकांनी येऊन अस्थी उकरून फ्रँकफर्टला नेल्या, पण मिसुरीचे लोक म्हणत राहिले की चुकीची कबर उकरली. त्या वेळी कवटीचा प्लास्टरचा साचा काढला होता, तो १९८३ मध्ये एका तज्ज्ञाने तपासला आणि ही कवटी काळ्या माणसाची असू शकते असं सांगितलं. टूक क्रीकच्या त्या दफनभूमीत गुलामांनाही पुरलेलं होतं.