ओस पडलेल्या चर्चना वाली कसा मिळाला

इंग्लंड आणि वेल्समधली साठाहून अधिक जुनी चर्च आज ‘फ्रेंड्स ऑफ फ्रेंडलेस चर्चेस’ या छोट्या धर्मादाय संस्थेच्या ताब्यात आहेत. भाविक निघून गेल्यामुळे बंद झालेल्या या इमारतींची डागडुजी करून संस्था त्यांची दारे लोकांसाठी उघडी ठेवते. संस्था १९५७ची, पण तिची मुळे त्याआधीच्या चार-पाच वर्षांतल्या एका वादात आहेत.

त्यामागचा काळ थोडक्यात सांगता येईल. १८१८ मध्ये चर्च बांधण्या-वाढवण्यासाठी अनुदान देणारी एक संस्था निघाली. गरिबांसाठी विनामूल्य बाके हवीत, ही तिची अट होती. १८६८ मध्ये चर्चसाठीची सक्तीची स्थानिक पट्टी रद्द झाली आणि दुरुस्तीचा भार मुख्यतः गावकऱ्यांच्या वर्गणीवर आला. १९१३च्या स्मारकविषयक कायद्याने वापरातली चर्च वगळली. त्यामुळे सरकारचा जाच टळला, तशी मदतही राहिली दूरच.

दुसऱ्या महायुद्धात आणि नंतरही बांधकामाच्या सामानावर व परवान्यांवर निर्बंध होते. छपरे वर्षानुवर्षे गळत राहिली. अखेर ‘चर्च ऑफ इंग्लंड’ या धर्मसंस्थेनेच एक आयोग नेमला. त्याचे अध्यक्ष माजी खासदार आणि पत्रकार होते. त्यातून १९५३ मध्ये देशव्यापी न्यास उभा राहिला आणि निधी जमू लागला. तो कोणाला द्यायचा, यावर मात्र ठिणगी पडली.

नियमित उपासना चालते अशाच चर्चना पैसे द्यायचे, असे विश्वस्तांनी ठरवले. त्यांची बाजू अगदीच पोकळ नव्हती. पैसा मोजका होता, आणि जिथे छप्पर दुरुस्त झाल्यावर पन्हळीतला पालापाचोळा काढायलाही कोणी उरणार नाही, तिथे तो का घालायचा? पण या निकषाने इमारतीचे मोल रविवारच्या हजेरीवर ठरू लागले. गावातली माणसे कामधंद्यासाठी शहरात गेली, यात बाराव्या शतकातल्या कमानीचा काय दोष? शिवाय अशा चर्चला वर्गणी देणारे कोणीच नसते, म्हणजे मदतीची सर्वाधिक गरज तिथेच. ज्यांच्या अध्यक्षतेखाली आयोगाने काम केले होते, तेच गृहस्थ मतभेदांमुळे न्यासातून बाहेर पडले आणि वर्षभरात त्यांनी ही नवी संस्था काढली. एक थोर कवी, एक चित्रकार आणि पुढे मंत्री झालेला मजूर पक्षाचा खासदार सोबत आले. माझ्या मते हा निर्णय सर्वस्वी योग्य होता.

सुरुवातीला संस्था अनुदान द्यायची आणि पाडकामाविरुद्ध लढायची. १९६८च्या कायद्याने अनावश्यक ठरलेल्या चर्चचे पुढे काय करायचे याची रीत ठरली आणि १९६९ मध्ये सरकार व चर्च यांच्या पैशातून एक स्वतंत्र निधी निर्माण झाला. त्याचे पहिले अध्यक्षही तेच गृहस्थ. तरीही काही वास्तू निधीच्या कक्षेबाहेर राहत. म्हणून १९७२ मध्ये संस्थेने घटना बदलून स्वतः मालकी घेण्याची सोय केली. पहिली मालमत्ता होती यॉर्कशरमधल्या लाइटक्लिफचा मनोरा; त्याचे बाकीचे चर्च उरले नाही.

या मार्गाने काय वाचले ते पाहायचे तर मॉनमथशरमधले लॅनव्हेअर किल्गेडिन पाहावे. १८८०च्या दशकात तिथल्या भिंतींवर रंगीत गिलाव्याचे थर दिले, वरचा थर ओला असतानाच खरवडला आणि एका स्तोत्राची चित्रे काढली. सृष्टीचे वर्णन करणाऱ्या त्या चित्रांत जवळचीच अस्क नदी आणि शुगर लोफचा डोंगर दिसतो. शंभर वर्षांनी चर्च बंद झाले आणि पाडायची भाषा सुरू झाली. संस्थेने ते घेतले नसते तर ती चित्रे गिलाव्यासकट गेली असती.

१९९९ पासून वेल्समधली महत्त्वाची बंद चर्चही, तिथल्या सरकारी आणि चर्चच्या मदतीने, संस्थेकडे येऊ लागली. कामाचा व्याप त्यामुळे पार बदलला. दरम्यान शिशाचे भाव वाढले आणि छपरांवरचे पत्रे रातोरात चोरीला जाऊ लागले. २०१७ मध्ये लॉटरीच्या पैशातली फक्त प्रार्थनास्थळांसाठीची अनुदान योजना बंद झाली.

अलीकडची चिंता कराची. दुरुस्तीवर २० टक्के व्हॅट लागतो आणि २००१ पासून एका सरकारी योजनेतून तो परत मिळत असे. या योजनेत वापरातल्या चर्चबरोबर अशा संस्थांकडची बंद चर्चही धरली जात. १९५०च्या दशकात नेमके हेच नाकारले गेले होते. एप्रिल २०२५ ते मार्च २०२६ या वर्षासाठी मात्र एका इमारतीला २५,००० पौंडांची मर्यादा घातली गेली. म्हणजे सव्वा लाख पौंडांच्या वरच्या कामाचा कर संस्थेने स्वतःच्या खिशातून भरायचा, असे झाले.