चामखीळ उठली म्हणजे जोडीदार घसरला?

गुप्तांगावर चामखीळ दिसली की ‘नक्की हल्लीच बाहेर काहीतरी केलंय’ असा निकाल लागतो. हा समज चुकीचा आहे. या चामखिळी बहुतांशी एचपीव्ही (ह्यूमन पॅपिलोमा व्हायरस) या लैंगिक संबंधातून पसरणाऱ्या विषाणूच्या 6 आणि 11 या प्रकारांमुळे येतात आणि संसर्गानंतर दिसायला आठवडे, महिने, कधी वर्षंही लागतात. लग्नाआधीचा संसर्ग लग्नानंतर उगवू शकतो. तो कुणाकडून आला हे कुठलीच तपासणी सांगत नाही. कॅन्सरशी मात्र मुख्यतः याच विषाणूचे 16 आणि 18 हे वेगळे प्रकार जोडलेले आहेत.

चामखीळ सहसा दुखत नाही. जाच वेगळाच. माणूस दिवा मालवून कपडे बदलतो, जवळीक टाळतो, डॉक्टरांपुढेही ‘खाज येते’ एवढंच पुटपुटतो. मलम, गोठवणं, जाळणं यांनी ती जाते. पुन्हा उगवली की उलटतपासणीही पुन्हा, बहुधा बायकोचीच.