कामाला पैसे मिळाले, संस्थेला नाही: अमेरिकेतल्या कपॅसिटी ग्रँटमागचा इतिहास

अमेरिकेतल्या फाउंडेशन्सच्या, म्हणजे खाजगी देणगीसंस्थांच्या, ग्रँटच्या यादीत गेली पंधरा-वीस वर्षं एक प्रकार हमखास दिसतो, कपॅसिटी बिल्डिंग ग्रँट, आणि त्यातही कृष्णवर्णीय, लॅटिनो, आशियाई किंवा मूळनिवासी लोकांनी स्वतः चालवलेल्या, आपल्याच समाजात काम करणाऱ्या संस्थांसाठी वेगळा काढलेला निधी. हे पैसे एखाद्या कार्यक्रमाचे नसतात. बुककीपर ठेवा, ऑडिट करून घ्या, देणगीदारांचा डेटाबेस उभा करा, बोर्डाला ट्रेनिंग द्या, असल्या कामांचे असतात. वरवर बघणाऱ्याला वाटतं की या समाजांना संस्था चालवता येत नव्हत्या म्हणून कोणीतरी शिकवायला आलं. तसं अजिबात नाहीये. संस्था त्यांनी फार आधीपासून चालवल्यात, बाहेरचा पैसा आला तेव्हा तो ठरावीक कामापुरता आला आणि संस्था म्हणून उभं राहायला लागतं ते मात्र ज्याचं त्याने बघायचं असंच चालत राहिलं.

सुरुवात १७८७ पासून करावी लागते. फिलाडेल्फियात रिचर्ड ॲलन आणि ॲबसलम जोन्स यांनी फ्री आफ्रिकन सोसायटी काढली, सभासदांनी महिन्याला एक शिलिंग द्यायचा आणि त्यातून आजारी माणसाला, विधवांना, पोरक्या मुलांना मदत करायची. देशात गुलामगिरी कायदेशीर होती तेव्हाची ही गोष्ट! पुढे अशा मंडळांची रांगच लागली. मेक्सिकन वंशाच्या लोकांच्या म्युच्युअलिस्टा, म्हणजे एकमेकांना मदत करणारी मंडळं, होत्या, टुसॉनमध्ये १८९४ साली अलियान्सा इस्पानो-अमेरिकाना सुरू झाली, सॅन फ्रान्सिस्कोत चिनी लोकांची गाववार मंडळं होती. वर्गणी, हिशेब, निवडून दिलेले पदाधिकारी, सगळं रीतसर, आणि पैसा सगळा स्वतःचा.

मोठ्या प्रमाणावर बाहेरचा पैसा आला तो रोझेनवाल्ड शाळांच्या वेळी, आणि इथे मला जरा थांबायचंय कारण पुढे जे काही झालं त्याची बरीचशी बीजं इथेच आहेत. ज्युलियस रोझेनवाल्ड म्हणजे सिअर्स रोबक या कंपनीचे प्रमुख. १९१२ साली पन्नासाव्या वाढदिवसाला त्यांनी अलाबामातल्या टस्कीगी इन्स्टिट्यूट या काळ्या विद्यार्थ्यांच्या शिक्षणसंस्थेला २५ हजार डॉलर दिले, त्यातले २,८०० उरले तेव्हा तिचे प्रमुख बुकर टी. वॉशिंग्टन यांनी सुचवलं की अलाबामातल्या खेड्यांत काळ्या मुलांसाठी सहा छोट्या शाळा बांधू. त्या सहाच्या १९३२ पर्यंत ४,९७७ झाल्या, दक्षिणेतल्या १५ राज्यांत. अट एकच, गावानेही आपला वाटा घालायचा. आता गाव म्हणजे कोण तर दुसऱ्याच्या शेतावर बटाईने राबणारी कुटुंबं. त्यांनी कापसाची एखादी एकर जमीन शाळेच्या नावाने वेगळी राखली, डबे करून लिलावात विकले, ज्यांच्याकडे रोकड नव्हती त्यांनी लाकूड दिलं, मजुरी दिली. अलाबामातल्या एका सभेत गुलामगिरी पाहिलेल्या एका म्हाताऱ्या माणसाने आपली जन्माची शिल्लक असलेली मळकट पिशवी टेबलावर रिकामी केली, ३८ डॉलर होते, अशी नोंद या शाळांचं काम बघणाऱ्या एजंटने करून ठेवली आहे.

हिशेब बघा. शाळांवर एकूण खर्च झाला सुमारे २ कोटी ८० लाख डॉलर. त्यात रोझेनवाल्ड यांच्या फंडाचे साधारण ४३ लाख, आणि काळ्या लोकांनी रोख-वस्तू-श्रम मिळून घातलेले ४७ लाख, म्हणजे फंडापेक्षा जास्तच. मोठा वाटा सरकारी तिजोरीचा होता, पण त्या तिजोरीत हे लोक कर भरतच होते, म्हणजे शाळेसाठी ते दोनदा पैसे देत होते, एकदा कर म्हणून आणि एकदा वर्गणी म्हणून. इमारत बांधून झाली की ती सरकारी शिक्षण खात्याच्या नावावर व्हायची आणि ते खातं गोऱ्यांच्या हातात. शाळेच्या इमारती मात्र बघण्यासारख्या होत्या, गावात वीज नसायची म्हणून खिडक्या मोठ्या आणि उजेड नीट येईल अशा दिशांना, सुरुवातीचे नकाशे टस्कीगीतच तयार झालेले. पण ज्या मंडळींनी वर्षानुवर्षं वर्गणी गोळा केली, सभा घेतल्या, मिस्त्रीपासून अधिकाऱ्यापर्यंत सगळ्यांना धरून काम तडीस नेलं, त्यांच्या हातात संस्था म्हणून काही राहिलं नाही. भिंती उभ्या राहिल्या आणि त्या उभ्या करणाऱ्यांना मालकी मिळाली नाही, मला वाटतं ही खंत पुढच्या शंभर वर्षांत पुन्हा पुन्हा डोकं वर काढते.

नंतर एकदम १९६४. राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांच्या गरिबीविरुद्धच्या मोहिमेचा कायदा झाला आणि त्यात एक कलम असं होतं की या योजना चालवण्यात ज्या वस्तीसाठी त्या आहेत तिथल्या लोकांचा शक्य तितका जास्त सहभाग हवा. देशभर हजाराच्या वर कम्युनिटी ॲक्शन एजन्सी निघाल्या, केंद्राचा पैसा महापौरांना वळसा घालून थेट वस्तीत जायला लागला, आणि कित्येक काळ्या, लॅटिनो कार्यकर्त्यांना पहिल्यांदाच पगारी नोकरी, बजेट, ऑफिस हे सगळं हातात मिळालं. महापौर मंडळी भडकली. १९६७ मध्येच दुरुस्ती आणून या एजन्सी स्थानिक सरकारच्या ताब्यात घ्यायची वाट मोकळी केली, आणि १९८१ मध्ये रेगन सरकारने हा पैसा ब्लॉक ग्रँट करून, म्हणजे एकगठ्ठा, राज्यांकडे सोपवला.

फाउंडेशन्सचं म्हणाल तर फोर्ड फाउंडेशनने त्या काळात खरंच धाडस केलं. मालडेफ ही मेक्सिकन-अमेरिकन लोकांची कायदेशीर लढाई लढणारी संस्था १९६८ साली फोर्डच्या २२ लाख डॉलरवर उभी राहिली, त्याच वर्षी लॅटिनो लोकांची साउथवेस्ट कौन्सिल ऑफ ला रासा, जी आज युनिडोसयूएस म्हणून ओळखली जाते, आणि १९७० मध्ये मूळनिवासींच्या हक्कांसाठी कोर्टात लढणारा नेटिव्ह अमेरिकन राइट्स फंड. या सगळ्या आजही चालू आहेत, कारण सुरुवातीचा पैसा नुसता एखाद्या प्रोजेक्टचा नव्हता, संस्था उभी करायचा होता. पण १९६७ मध्ये क्लीव्हलँडला फोर्डने कोअर या नागरी हक्कांसाठी लढणाऱ्या संघटनेला ग्रँट दिली, त्यातून काळ्या वस्त्यांत मतदार नोंदणी झाली, आणि नोव्हेंबरात कार्ल स्टोक्स निवडून आले, एवढ्या मोठ्या अमेरिकन शहराचे पहिले कृष्णवर्णीय महापौर. काँग्रेसमध्ये त्यावरून बरंच वादळ उठलं आणि १९६९ च्या टॅक्स कायद्यात फाउंडेशन्सवर बंधनं आली, मतदार नोंदणीच्या ग्रँटवर तर फारच कडक. त्यानंतर बऱ्याच फाउंडेशन्सनी सावध पवित्रा घेतला, छोटी ग्रँट, एक वर्षाची, ठरावीक कामाला बांधलेली.

मूळनिवासी लोकांची कहाणी मी यात मुद्दाम घालते, तिथे संस्था नसून ट्राइबची, म्हणजे जमातींची, स्वतःची सरकारं आहेत पण दुखणं तेच. १९७५ च्या कायद्याने ट्राइबना आपल्या शाळा, दवाखाने केंद्र सरकारशी करार करून स्वतः चालवता यायला लागले. दवाखाना चालवायचा तर अकाउंटंट लागतो, विमा लागतो, ऑडिट लागतं, आणि हा वरचा खर्च सरकार पुरा देईना. १९८८ मध्ये दुरुस्ती करून तो द्यायलाच पाहिजे असं लिहिलं तरी देईनात. शेवटी सुप्रीम कोर्टात जावं लागलं, २००५ ला चेरोकी नेशन, २०१२ ला रामाह नावाहो चॅप्टर, दोन्हीकडे ट्राइब जिंकल्या, रामाहच्या केसमध्ये पुढे ९४ कोटी डॉलरची तडजोड झाली. ९४ कोटी! कोणी कार्यक्रमाचे पैसे खाल्ले म्हणून नाही, तर ऑफिस चालवायचे थकवले म्हणून.

हेच छोट्या संस्थांच्या पातळीवर कसं होतं ते सांगते. समजा एका वस्तीतली संस्था म्हाताऱ्या माणसांना जेवणाचे डबे पोचवते आणि तिला काउंटीकडून कॉन्ट्रॅक्ट मिळालं. बहुतेक सरकारी कॉन्ट्रॅक्ट असं असतं की आधी खर्च तुम्ही करा, बिलं लावा, मग दोन-तीन महिन्यांनी पैसे येतील. तोवर स्वयंपाक्यांचा पगार, गाडीचं पेट्रोल, भाजी-किराणा कुठून आणायचं? ज्या संस्थेकडे रिझर्व्ह आहे, बोर्डावर बँकवाले आणि वकील आहेत, ती क्रेडिट लाइन काढते. जिच्याकडे नाही तिचा डायरेक्टर स्वतःचा पगार थांबवतो नाहीतर कॉन्ट्रॅक्टच नाकारतो, आणि मग पुढच्या अर्जात फंडर म्हणतो तुम्हाला मोठं कॉन्ट्रॅक्ट सांभाळायचा अनुभव नाही. स्वतःचं रजिस्ट्रेशन नसलेल्या गटाला तर दुसऱ्या मोठ्या संस्थेच्या छत्राखाली पैसे घ्यावे लागतात, त्यातून ठरावीक टक्के ती छत्रीवाली संस्था घेते. आपल्याकडे परदेशी देणग्यांच्या कायद्यात, एफसीआरएमध्ये, २०२० साली प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० वरून २० टक्क्यांवर आणली तेव्हा महाराष्ट्रातल्या कित्येक संस्था कुठे अडकल्या हे ज्यांनी जवळून पाहिलंय त्यांना वेगळं सांगायला नको.

संस्थांची अंतर्गत ताकद वाढवायला पैसे द्यावेत ही कल्पना १९९० च्या दशकात जोरात आली, पण ती आली मॅनेजमेंटच्या जगातून, कन्सल्टंट मंडळींच्या तक्त्यांसकट. २००२ मध्ये बुश सरकारने कम्पॅशन कॅपिटल फंड काढला, धार्मिक आणि वस्तीपातळीवरच्या छोट्या संस्थांना त्यातून ५० हजार डॉलरपर्यंतच्या मिनी-ग्रँट मिळायच्या. उपयोग झालाच. पण यात वंश, वर्ण, कोणाला इतकी वर्षं वगळलं गेलं हा प्रश्न कुठेच नव्हता.

तो प्रश्न ऐरणीवर आणला कॅलिफोर्नियाने. ग्रीनलायनिंग इन्स्टिट्यूट या वांशिक समतेसाठी काम करणाऱ्या तिथल्या संस्थेने फाउंडेशन्सच्या ग्रँट मोजल्या आणि दाखवून दिलं की अल्पसंख्याक समाजांनी चालवलेल्या संस्थांना देशातल्या मोठ्या स्वतंत्र फाउंडेशन्सच्या पैशातले जेमतेम ३ टक्के मिळतात, आणि हे अशा राज्यातून सांगितलं जात होतं जिथे गोरे लोक तेव्हाच निम्म्यापेक्षा कमी होते. सॅन होजेचे आमदार जो कोटो यांनी असेंब्ली बिल ६२४ आणलं. त्यात पैसे द्या असं म्हटलंच नव्हतं. २५ कोटी डॉलरपेक्षा जास्त मालमत्ता असलेल्या फाउंडेशन्सनी आपलं बोर्ड, आपला स्टाफ आणि आपण कोणाला ग्रँट देतो याची वर्णनिहाय माहिती जाहीर करावी, एवढीच मागणी. त्यावर जो गदारोळ झाला तो विचारू नका. फाउंडेशन्स म्हणाल्या हा खाजगी पैसा आहे, सरकारने नाक खुपसू नये, आणि मोजणार कसं, संस्थेचा प्रमुख कोण हे बघायचं की फायदा कोणाला होतो हे? दुसरा मुद्दा अगदीच टाकाऊ नव्हता, पण समाजाची सेवा करणारी संस्था आणि त्या समाजाच्या हातातली संस्था यात फरक आहे हेच तर कोटो आणि ग्रीनलायनिंग सांगत होते. जानेवारी २००८ मध्ये बिल असेंब्लीत पास झालं, आणि सिनेटमध्ये पुढे जायच्या आत जूनमध्ये मागे घेतलं गेलं, कारण दहा मोठ्या फाउंडेशन्सनी तडजोड केली: कायदा नको, त्याऐवजी आम्ही अल्पसंख्याकांनी चालवलेल्या छोट्या संस्थांच्या कपॅसिटी बिल्डिंगसाठी काही वर्षं कोट्यवधी डॉलर देतो.

आज दिसणाऱ्या या ग्रँटचा साचा बऱ्याच अंशी त्या तडजोडीत तयार झाला असं माझं मत आहे. पैसे आले, चांगल्या संस्थांना मिळाले, पण माहिती जाहीर करायची सक्ती गेली ती गेलीच, आणि ज्या बोर्डांमध्ये या समाजांची माणसं नव्हती ती बोर्डं कशी सुधारायची यावरून चर्चा हलून संस्था कशा सुधारायच्या यावर आली. कपॅसिटी कमी कोणाची, देणाऱ्याची की घेणाऱ्याची, हा प्रश्न त्यात मागे पडला.

यात आपली माणसंही आहेत, हेही इथेच सांगून टाकते. न्यू जर्सीत, जिथे आज मराठी कुटुंबं भरपूर आहेत, १९८५ साली मानवी ही संस्था दक्षिण आशियाई बायकांनी घरगुती हिंसेत अडकलेल्या बायकांसाठी काढली, मग न्यूयॉर्कमध्ये सखी, बे एरियात मैत्री. या संस्थांनाही फंडरकडे जाऊन आधी हेच पटवून द्यावं लागलं की आशियाई म्हणजे सगळे सुखवस्तू नसतात.

मे २०२० मध्ये पोलिसाच्या हातून झालेल्या जॉर्ज फ्लॉइड या कृष्णवर्णीय माणसाच्या हत्येनंतर चित्र झपाट्याने बदललं. त्याच महिन्यात एकोइंग ग्रीन ही नव्या सामाजिक संस्थांना पैसे देणारी संस्था आणि ब्रिजस्पॅन ही सल्लागार संस्था यांचा अभ्यास आला होता, नवीन संस्थांमध्ये काळ्या नेतृत्वाच्या संस्थांचं उत्पन्न गोऱ्या नेतृत्वाच्या संस्थांपेक्षा २४ टक्क्यांनी कमी, आणि कुठेही वापरता येईल अशी मोकळी शिल्लक ७६ टक्क्यांनी कमी. या दोन आकड्यांतलं अंतरच सगळं सांगतं, पैसे तर कमी मिळतातच, पण विश्वासाने दिलेला मोकळा पैसा त्याहून कितीतरी कमी. ॲमेझॉनच्या जेफ बेझोस यांच्या पूर्वपत्नी मॅकेन्झी स्कॉट यांनी जुलैमध्ये ११६ संस्थांना १७० कोटी डॉलर दिले, कशावर खर्च करायचे याची अट न घालता, त्यात कितीतरी काळ्या कॉलेजांना आजवरची सगळ्यात मोठी देणगी मिळाली. फोर्डने तर १०० कोटी डॉलरचे बाँड काढून कर्ज घेतलं आणि ग्रँट वाढवल्या.

मग उलटी लाट आली. जून २०२३ मध्ये सुप्रीम कोर्टाने हार्वर्डच्या केसमध्ये ॲडमिशनसाठी वंशाचा विचार बंद केला, आणि ऑगस्टमध्ये अटलांटाच्या फिअरलेस फंडवर केस झाली, तो काळ्या बायकांच्या छोट्या धंद्यांना २० हजार डॉलरच्या ग्रँट द्यायचा. आधार घेतला १८६६ च्या सिव्हिल राइट्स कायद्याचा, जो गुलामगिरीतून सुटलेल्या माणसांना करार करायचा हक्क मिळावा म्हणून झाला होता. जून २०२४ मध्ये अपील कोर्टाने फंडाच्या विरोधात निकाल दिला, सप्टेंबरमध्ये तडजोड होऊन ती ग्रँट बंद झाली. जानेवारी २०२५ मध्ये ट्रम्प सरकारने केंद्रातल्या समतेशी संबंधित ग्रँट बंद करायचे आदेश काढले. आता फंडरचे वकील अर्जातले शब्द तपासतात, कृष्णवर्णीयांच्या संस्था असं लिहायचं की ज्या भागात आजवर गुंतवणूक कमी झाली तिथल्या संस्था असं लिहायचं, यावर मीटिंगा होतात.

एक बदल मात्र या सगळ्या गदारोळात फारसा कोणाच्या नजरेत आला नाही. केंद्राच्या ग्रँटमध्ये ज्या संस्थांनी सरकारशी वेगळा दर ठरवून घेतलेला नाही त्यांना २०१४ च्या नियमांनी वरच्या खर्चासाठी १० टक्के मिळायचे, ते १ ऑक्टोबर २०२४ पासून १५ टक्क्यांपर्यंत घेता येतात, आणि वर्षाला केंद्राचे किती पैसे खर्च केले की ऑडिट सक्तीचं होतं ती मर्यादा साडेसात लाखांवरून १० लाख डॉलर झाली. यात वंशाचा उल्लेख कुठेच नाही, त्यामुळे फिअरलेस फंडसारख्या केसचा त्याला धक्का बसण्याचा प्रश्न येत नाही, आणि ज्यांच्याकडे दर ठरवून घ्यायला अकाउंटंट नव्हता त्या छोट्या संस्थांना, म्हणजे बहुतेक करून याच वस्त्यांतल्या संस्थांना, तो वाढीव पाच टक्क्यांचा हक्क अर्जात एक आकडा लिहून मागता येतो.