‘३२२’ म्हणजे चरबी नव्हे

चॉकलेट-बिस्किटांच्या वेष्टनावरचं ‘इमल्सिफायर ३२२’ (इमल्सिफायर म्हणजे तेल-पाणी एकजीव ठेवणारा पदार्थ) म्हणजे प्राण्यांची चरबी, असा निरोप वर्षानुवर्षं पुढे ढकलला जातोय. तो चुकीचा आहे. ३२२ म्हणजे लेसिथिन, आणि बाजारातलं बहुतेक लेसिथिन सोयाबीनचं असतं. सूर्यफुलाचंही मिळतं. अंड्यातूनही काढता येतं. पण तसं असेल तर आपल्याकडे पाकिटावर हिरवा ठिपका देता येत नाही.

मुळात बियांना लेसिथिन लागतंच. पेशींची पटलं त्याच्यासारख्या फॉस्फोलिपिडांची, म्हणजे फॉस्फेट असलेल्या स्निग्ध रेणूंची, बनतात, बीमधल्या तेलाच्या प्रत्येक सूक्ष्म थेंबाभोवतीही त्यांचा एकपदरी थर असतो. लेसिथिनमधला असा एक मुख्य रेणू म्हणजे फॉस्फॅटिडिलकोलीन. बी तो टप्प्याटप्प्याने बनवतं. एक विकर (एन्झाइम) कोलीन या छोट्या रेणूला फॉस्फेट जोडतं, दुसरं त्याला सीडीपी-कोलीनच्या रूपात सक्रिय करतं आणि तिसरं ते डायअसिलग्लिसरॉल या स्निग्ध रेणूवर बसवतं. हे शेवटचं काम पेशीतल्या आंतर्द्रव्यजालिकेवर (पटलांच्या जाळ्यावर) चालतं. १९७३ साली रुजणाऱ्या एरंडाच्या बियांवरच्या प्रयोगांत ते स्पष्ट दिसलं. मला याहून विलक्षण वाटतं ते पुढचं: फॉस्फॅटिडिलकोलीनला जोडलेल्या ओलेइक आम्लाचं आणखी एक विकर लिनोलेइक आम्ल करतं; ही दोन्ही तेलातली मेदाम्लं. सोयाबीन तेलात निम्म्याहून अधिक असणारं लिनोलेइक आम्ल मुख्यतः असंच तयार होतं.

कारखान्यात कच्च्या तेलात थोडं पाणी मिसळतात. फॉस्फोलिपिडं पाणी धरून फुगतात, तेलापासून सुटतात, मग ती वेगळी काढून वाळवतात. तेच लेसिथिन. शंका असेल तर आकड्यापेक्षा घटकांची यादी आणि ठिपका पाहा.