पोटातला रक्तस्राव आणि ॲडमिट होण्याची वेळ

पोटातून किंवा आतड्यातून रक्त जाणारा पेशंट कोणत्या वारी, किती वाजता हॉस्पिटलात ॲडमिट झाला यावर त्याचं वाचणं अवलंबून असतं का, हा वाद मेडिकलमध्ये 'वीकेंड इफेक्ट' या नावाने चालतो. अमेरिकेतल्या आकड्यांत फरक दिसतो, ब्रिटनच्या मोठ्या ऑडिटमध्ये दिसत नाही, आणि जिथे दिसतो तिथेही दोष रविवारचा, की रविवारी हजर नसलेल्या स्टाफचा, की मुळात त्या दिवशी येणारे पेशंटच जास्त सिरियस असतात, यावर डॉक्टर लोकांचं अजून एकमत नाही.

इथे मुख्यतः वरच्या भागातला रक्तस्राव धरलाय, म्हणजे अन्ननलिका, जठर आणि लहान आतड्याची सुरुवात. सगळ्यात कॉमन कारण अल्सर, आणि अल्सरमागे बहुतेक वेळा एच. पायलोरी नावाचा जंतू नाहीतर पेनकिलर आणि ॲस्पिरिन. गुडघे दुखतात म्हणून मेडिकलमधून परस्पर गोळ्या आणून महिनोनमहिने खाणारी आजी प्रत्येक घरात एक तरी असतेच. दुसरं मोठं कारण लिव्हर सिरोसिस, त्यात अन्ननलिकेतल्या शिरा फुगतात आणि फुटतात, त्यांना व्हॅरिसेस म्हणतात. लक्षणं दोन, रक्ताची उलटी किंवा डांबरासारखी काळी, चिकट, घाण वास मारणारी शी. लोहाच्या गोळ्यांनीसुद्धा शी काळी होते, पण ती तशी चिकट नसते आणि तो वासही नसतो.

वेळेचा घोळ घरापासूनच सुरू होतो. काळी शी झाली तर माणूस आधी आदल्या दिवशी काय खाल्लं ते आठवत बसतो, आणि शनिवार असेल तर सोमवारी ओपीडीत दाखवू म्हणतो. त्यात हिमोग्लोबिन फसवतं. रक्त जातं ते अख्खं जातं, उरलेल्या रक्तातलं प्रमाण लगेच बदलत नाही, शरीरातलं पाणी शिरांमध्ये ओढलं जाऊन रक्त पातळ व्हायला काही तास लागतात, त्यामुळे सुरुवातीचा रिपोर्ट '१३' आला म्हणून निर्धास्त झालेल्या माणसाचा दुसऱ्या दिवशीचा आकडा ८ येऊ शकतो. म्हणून अनुभवी डॉक्टर आधी नाडी आणि बीपी बघतो, पेशंटला उभं राहिल्यावर चक्कर आली का ते विचारतो. रक्तातला युरियाही वाढलेला सापडतो, कारण पोटात सांडलेलं रक्त पचतं आणि त्यातल्या प्रोटीनचा युरिया होतो. याच गोष्टी जोडून २००० साली ग्लासगो-ब्लॅचफोर्ड स्कोअर तयार झाला, ० ते २३ पर्यंत. ० किंवा १ आला तर पेशंटला घरी पाठवून नंतर तपासलं तरी चालतं, १२ किंवा जास्त आला तर प्रकरण गंभीर.

वीकेंडची चर्चा गाजली ती कॅनडातून. २००१ मध्ये बेल आणि रेडलमायर यांनी ऑंटारियो प्रांतातल्या १९८८ ते १९९७ या काळातल्या अडतीस लाखांच्या आसपास इमर्जन्सी ॲडमिशन तपासल्या आणि काही आजारांत शनिवार-रविवारी आलेले पेशंट जास्त दगावतात असं दाखवलं. मग प्रत्येक स्पेशालिटीने आपापला आजार तपासायला घेतला. २००९ मध्ये अमेरिकेतून अल्सरच्या रक्तस्रावाचा मोठा अभ्यास आला, सव्वादोन लाखांहून जास्त ॲडमिशन, वीकेंडला मृत्यू ३.४ टक्के, इतर दिवशी ३ टक्के. फरक छोटा, पण इतक्या मोठ्या संख्येत तो उरतो. यातली खरी गंमत पुढे आहे. वीकेंडला एंडोस्कोपी, म्हणजे तोंडातून दुर्बीण घालून आतून बघणं, उशिरा होत होती हे खरं, पण तो उशीर हिशोबात धरूनही मृत्यूंमधला फरक गेला नाही, म्हणजे 'रविवारी एंडोस्कोपीवाला डॉक्टर नव्हता म्हणून माणूस गेला' हे सरळसोट स्पष्टीकरण तिथे लागू पडत नाही. वेल्समधल्या १९९९ ते २००७ च्या नोंदींत वीकेंडला मृत्यू १३ टक्क्यांनी आणि सार्वजनिक सुट्टीच्या दिवशी ४१ टक्क्यांनी जास्त सापडले, ही वाढ नेहमीच्या दिवसांच्या तुलनेत आहे, १०० तले ४१ दगावले असा अर्थ नाही, पेपरवाले इथे हमखास गोंधळ घालतात.

आता उलटी बाजू. २००७ च्या ब्रिटनच्या ऑडिटमध्ये २१२ हॉस्पिटलं आणि ६,७४९ पेशंट होते. २४ तासांच्या आत एंडोस्कोपी वीकेंडला ३८ टक्के लोकांची झाली, इतर दिवशी ५५ टक्के, शिवाय वीकेंडला येणारे पेशंट जास्त शॉकमध्ये, म्हणजे रक्त जाऊन बीपी कोसळलेले, होते, तरीही मृत्यूंमध्ये फरक नाही. शॉकचा मुद्दा महत्त्वाचा आहे, कारण थोडंफार काळं जाणारा माणूस सोमवारपर्यंत ढकलतो, रविवारी येतो तो ज्याला ढकलणं शक्यच नाही असा, आणि हॉस्पिटलच्या रजिस्टरमध्ये वार दिसतो, घरी वाया घालवलेला दिवस दिसत नाही. माझ्या मते या सगळ्या वादात हा मुद्दा सगळ्यात कमी चघळला गेलाय. इंग्लंडमध्ये मात्र वीकेंडचे आकडे राजकारणात गेले, आठवडाभर सारखी सेवा हवी म्हणून सरकारने करार बदलायला घेतले आणि २०१६ मध्ये ज्युनियर डॉक्टरांचे संप झाले.

मग जितक्या लवकर दुर्बीण तितकं चांगलं का? हाँगकाँगमध्ये ५१६ गंभीर पेशंट, स्कोअर १२ किंवा जास्त, दोन गटांत वाटले. एका गटाची एंडोस्कोपी तज्ज्ञाला कळवल्यापासून ६ तासांत, दुसऱ्याची ६ ते २४ तासांत. २०२० मध्ये निकाल आला, ३० दिवसांतले मृत्यू घाईच्या गटात ८.९ टक्के, थांबलेल्या गटात ६.६ टक्के, म्हणजे घाईचा फायदा नाहीच (आकड्यांतला फरक योगायोगाच्या मर्यादेतला होता). पण सलाईन-रक्त देऊनही जे सावरत नव्हते ते पेशंट यात घेतलेच नव्हते, त्यामुळे हा निकाल दाखवून बीपी कोसळलेल्या माणसाला सकाळपर्यंत थांबवणं चुकीचं. सध्याच्या गाइडलाइन्स बहुतेक पेशंटसाठी २४ तास म्हणतात, व्हॅरिसेसचा संशय असेल तर १२ तास.

दुर्बिणीआधीचे तासच खरे कामाचे. दोन जाड सुया, सलाईन, ॲसिड दाबणारं इंजेक्शन, रक्ताचा ग्रुप आणि क्रॉसमॅच, म्हणजे बाटलीतलं रक्त पेशंटच्या रक्ताशी जुळतं का ते बघणं. रक्तसुद्धा भराभर चढवायचं नसतं, २०१३ च्या बार्सिलोनातल्या ९२१ पेशंटच्या अभ्यासात हिमोग्लोबिन ७ च्या खाली गेल्यावरच रक्त दिलेले लोक ९ ला दिलेल्यांपेक्षा जास्त जगले, सहा आठवड्यांनी ९५ विरुद्ध ९१ टक्के. रक्त थांबवायला दिलं जाणारं ट्रानेक्सामिक ॲसिडचं इंजेक्शन मात्र रक्त दिसलं की सवयीने टोचलं जातं, १२,००९ पेशंटच्या हॉल्ट-इट अभ्यासात २०२० मध्ये त्याने मृत्यू कमी झाले नाहीत, उलट शिरांमध्ये गुठळ्या वाढल्या.

महाराष्ट्रात या चर्चेला दुसरंच वळण लागतं. तालुक्याच्या गावी एंडोस्कोपी बहुतेक ठिकाणी मंगळवारीही नसते, तिथे रविवारचं काय घेऊन बसलात. २०१४ पासून १०८ ची गाडी आहे, पण रेफर, मग परत रेफर, मग मोठ्या हॉस्पिटलात पोचल्यावर नातेवाईकाच्या हातात रक्ताच्या सॅम्पलची बाटली आणि फॉर्म देऊन ब्लड बँकेत धाडणं, तिथे बदल्यात डोनर आणा म्हणणं, या सगळ्यात घड्याळ चालूच असतं.

खालच्या आतड्यातून, म्हणजे लाल रक्त जात असेल तर घाई आणखी कमी. तिथे आधी पोट साफ करायचं औषधाचं पाणी लिटरच्या हिशोबाने प्यावं लागतं, आणि जपानच्या १५ हॉस्पिटलांतल्या अभ्यासात २४ तासांत कोलोनोस्कोपी (खालून दुर्बीण घालून मोठं आतडं बघणं) केल्याने रक्ताची जागा जास्त सापडली असं झालं नाही. फक्त लाल रक्तासोबत बीपी पडलेलं असेल तर ते वरूनच वेगाने आलेलं असू शकतं, मग आधी वरची दुर्बीण.