सव्हाना घोरपडीची अडकलेली कात : पार्श्वभूमी

'कात टाकली' म्हटलं की आपल्याला साप आठवतो. मोजा उलटा करून काढावा तशी निघालेली अखंड कात. घोरपडीचं तसं नसतं. तिची कात तुकड्यातुकड्यांनी सुटते, आज मानेवरची, चार दिवसांनी पाठीवरची. मागे राहते ती बहुधा बोटांवरची आणि शेपटीच्या टोकाची. तिथे ती वाळून कड्यासारखी आवळते, दर खेपेला थर चढतो, रक्त पोचेनासं होतं आणि एक दिवस बोटाचं टोक काळं पडून गळून जातं.

आफ्रिकेतल्या सव्हाना घोरपडीच्या वाट्याला हे फार आलं. १७९२ साली बॉस्क या फ्रेंच निसर्गअभ्यासकाने सेनेगलमधल्या नमुन्यावरून तिचं वर्णन केलं. मानेवरच्या मोठ्या लंबगोल खवल्यांमुळे तिला मिळालेल्या शास्त्रीय नावात, एक्झँथेमॅटिकसमध्ये, अंगावर उठलेल्या पुरळाचा अर्थ आहे. म्हणजे कातडीची तक्रार बारशापासूनच! पण घात केला तो 'सव्हाना' या व्यवहारातल्या नावाने. घाना, टोगो, बेनिनमधून हजारोंनी पिल्लं अमेरिका-युरोपात गेली. पाळणाऱ्यांनी नाव ऐकलं आणि कोरडं माळरान डोळ्यांसमोर आणलं. काचेची पेटी, वर जाळीचं झाकण, खाली लाकडाचा भुसा आणि डोक्यावर तापलेला दिवा. जाळीतून गरम हवा वर निघून जायची, सोबत ओलही.

१९९०च्या दशकात घोरपडींचे अभ्यासक डॅनियल बेनेट यांनी घानात जाऊन पिल्लं प्रत्यक्ष शोधली. ती सापडली शेतजमिनीत, रातकिड्यांच्या बिळांत. वर ऊन रणरणत असलं तरी बिळातली माती दमट असते. जुन्या आणि नव्या कातडीच्या मधे द्रव झिरपला की जुना थर सुटतो. आतून सुकलेल्या जनावरात ते नीट होत नाही. इतकं साधं कारण, पण त्यासाठी कुणीतरी बीळ बघावं लागलं.

तोवर उपाय एकच होता, कोमट पाण्याचा टब. तो आजही चुकीचा नाही: खांद्यापर्यंत पाणी, अर्धा तास, मग ओल्या टॉवेलवरून तिला स्वतःच चालू द्यायचं. कोरडी कात ओढायची मात्र नाही, खालची कोवळी कातडी फाटते. काळं पडलेलं बोट थेट पशुवैद्याकडे. पण पेटी कोरडीच राहिली तर पुढच्या कातीला तेच. म्हणून जाणते पालक आता बंद झाकणाच्या पेटीत दीड-दोन फूट दमट माती भरतात, बीळ खणता येईल अशी. दिव्याखालची जागा तेवढी कडक तापलेली.

आपल्याकडची घोरपड १९७२च्या वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, ती पाळणं गुन्हा. जखमी सापडली तर वनविभागाला कळवायचं, घरच्या टबात बसवायची नाही.