वळण्याआधी पोचणारा निरोप
(आमच्या टेम्पोवाल्या, डबेवाल्या आणि दुकानदार ग्राहकांसाठी माहितीपत्रक)

२६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, कुलाब्याला जेमतेम ७३. म्हणून पाणी भरल्याचं कळवणाऱ्या आमच्या ॲपवरून ‘मुंबईत मुसळधार’ असा सरसकट निरोप आम्ही पाठवत नाही. गाडी जिथे आहे, तिथलंच कळवतो.

अंधेरी सबवेचंच बघा. गाडी एकदा सबवेच्या उतारावर लागली की मागे रिक्षांची रांग. रिव्हर्स घ्यायला जागा नाही. तिथे वाजलेला निरोप काय कामाचा? अंधेरी सबवे, मिलन सबवे, हिंदमाता, गांधी मार्केट अशा पाणी भरणाऱ्या जागांभोवती आम्ही नकाशावर कुंपण आखलंय, आणि तेही पाण्याच्या कडेला नाही, गाडी दुसरीकडे वळवता येईल अशा शेवटच्या नाक्याच्या अलीकडे. फोन ते कुंपण ओलांडतो तेव्हा निरोप वाजतो. हे कुंपण तुमच्या फोनमध्येच असतं, तपासतोही फोनच. तुम्ही कुठे फिरता ते आमच्याकडे येत नाही.

जीपीएसला निदान चार उपग्रह दिसावे लागतात. तळघरातल्या पार्किंगमध्ये किंवा आतल्या गाळ्यात ते दिसत नाहीत. मग फोन टॉवरवरून अंदाज बांधतो, आणि पश्चिमेला उभा असलेला माणूस पूर्वेला दिसू शकतो. मधे रेल्वेचे रूळ असलेल्या शहरात ही चूक केवढ्याला पडते, ते तुम्हाला सांगायला नको. अंदाज असा ढोबळ असला की फोन दोन्ही बाजूंचे निरोप दाखवतो. एखादा फालतू वाटला तर चालवून घ्या.

पहिल्या पावसाळ्यात आमची एक चूक झाली. पाणी ओसरून दीड तास झाला तरी ‘सबवे बंद’ फोनवर तसंच. आपले एक फुलवाले पार्ल्याच्या पुलावरून वळसा घालून हॉलवर पोचले, तोवर वरात दारात. त्यांनी आम्हाला झाडलं, बरोबरच केलं. आता प्रत्येक निरोपावर दोन वेळा असतात : कधी पाहिलं आणि कधीपर्यंत धरायचं. मुदत संपली की तो पुसला जातो. मधे नेटवर्क गेलं असलं तरी शिळा निरोप मागाहून येत नाही. मोठ्या भरतीच्या वेळी पावसाचं पाणी समुद्रात जायला अडतं, म्हणून त्या दिवशी मुदत भरती उतरेपर्यंतची.

तुमच्याकडून दोनच गोष्टी. लोकेशनची परवानगी ‘नेहमी’वर ठेवा; ‘ॲप वापरताना’ ठेवलीत तर फोन खिशात गेला की ॲप आंधळं. आणि बॅटरी सेव्हरमधून आमचं ॲप वगळा. उशिरा आलेल्या निरोपांच्या बऱ्याच तक्रारी तिथेच सुटतात.

कर्कश वाजणारा सरकारी आपत्कालीन इशारा मात्र वेगळा. तो त्या भागातल्या टॉवरवरून टप्प्यातल्या सगळ्या फोनवर एकदम जातो, त्याला ना तुमचा नंबर लागतो ना ॲप. तो आला तर आमचं राहू द्या, आधी तो वाचा. गाडी बाजूला घेऊन.